जुन्या बाहुल्यांचा साज आणि ‘मूळ’ वेशाचा प्रश्न

१

जुन्या बाहुल्या आणि त्यांचा साजसरंजाम जमविण्याचा छंद युरोप-अमेरिकेत आज एका स्वतंत्र विद्येच्या योग्यतेस पोहोचला आहे. अमेरिकेत १९४९ मध्ये बाहुलीसंग्राहकांच्या मंडळांचा महासंघ स्थापन झाला. १९६८ मध्ये डोरोथी कोलमन आणि त्यांच्या दोन कन्या, एलिझाबेथ व एव्हलिन, यांनी संग्राहकांसाठी बाहुल्यांचा बृहत्कोश सिद्ध केला. आणि १९७५ मध्ये याच तिघींनी १७०० ते १९२९ या काळातील केवळ बाहुल्यांच्या कपड्यांना वाहिलेला दुसरा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्पादकांची नावे, साच्यांचे क्रमांक, मानेमागील ठसे, टोपाचे केस, बुटांच्या तळव्यांवरील खुणा या सर्वांची जी छाननी या क्षेत्रात झाली आहे, ती पाहता तिला निव्वळ हौस म्हणून बाजूस सारणे अभ्यासकास शोभणार नाही.

परंतु ज्या क्षेत्रात छाननी आहे, तेथे छाननीची तत्त्वेही आहेत. आणि त्या तत्त्वांची चिकित्सा करणे हे समीक्षेचे काम आहे. संग्राहकांच्या मूल्यनिर्णयात तीन शब्द पुनःपुन्हा येतात. बाहुलीचा वेश ‘मूळ’ असावा, तिचा सरंजाम ‘संपूर्ण’ असावा, आणि शक्य तर ती ‘अस्पर्श’, म्हणजे कोणी न हाताळलेली, असावी. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हे तिन्ही निकष मुख्यतः उत्पादकाच्या बाजूने विचार करून ठरविलेले आहेत. आणि खेळण्यासाठी केलेल्या बाहुलीस ते जसेच्या तसे लावले असता, जिच्यासाठी ती बाहुली निर्माण झाली त्या मुलीचा हात हाच एक दोष ठरतो. हा दोष काढून टाकण्याच्या भरात बालपणाच्या इतिहासाचा एक दुर्मिळ पुरावा नष्ट होतो.

येथे एक मर्यादा आरंभीच सांगणे इष्ट आहे. सर्वच बाहुल्या खेळण्यासाठी केलेल्या नसतात. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये असलेले पेट्रोनेला ओर्टमन हिचे बाहुलीघर (सुमारे १६८६ ते १७१०) हे एका श्रीमंत गृहिणीने स्वतःच्या हौसेसाठी मोठा खर्च करून सजविलेले दालन आहे. ते मुलांच्या हाती देण्यासाठी नव्हते. अशा वस्तूस ‘मूळ स्थिती’चा निकष यथार्थपणे लागू पडतो. आपला विचार मात्र खेळाच्या बाहुल्यांपुरता आहे.

२

बाहुलीच्या साजास स्वतंत्र महत्त्व प्राप्त झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पॅरिसमध्ये. ह्यूरे, रोमर, ज्यूमो, ब्रू इत्यादी पेढ्यांनी तरुण स्त्रीच्या आकृतीच्या, चिनी मातीच्या डोक्याच्या ज्या बाहुल्या काढल्या, त्यांच्याबरोबर पेट्याच्या पेट्या भरून कपडे मिळत. हातमोजे, छत्र्या, पंखे, टोप्या, बूट, पत्रलेखनाचे साहित्य, असा नववधूस द्यावा तसा सगळा सरंजाम बाहुलीस दिला जाई. पुढे मुलीच्या आकृतीची ‘बेबे’ बाहुली लोकप्रिय झाली. ज्यूमो पेढीने १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळविले आणि आपल्या मालावर त्याचा उल्लेखही केला. तिच्या बाहुल्यांच्या बुटांच्या तळव्यांवर मधमाशीची खूण आढळते, आणि आज तेवढ्या खुणेनेही संग्राहकाचे समाधान होते. १८९९ मध्ये जर्मन मालाशी स्पर्धा करण्यासाठी अनेक फ्रेंच पेढ्यांनी एकत्र येऊन एस. एफ. बी. जे. ही संयुक्त संस्था स्थापिली.

हा इतिहास संग्राहकांच्या ग्रंथांतून सविस्तर येतो. परंतु त्याच काळातील दुसऱ्या एका गोष्टीकडे द्यावे तितके लक्ष दिले जात नाही. १८६३ मध्ये पॅरिसमध्ये ‘ला पूपे मोदेल’ म्हणजे ‘आदर्श बाहुली’ या नावाचे मुलींचे मासिक सुरू झाले. त्यात बाहुलीच्या कपड्यांचे बेतणीचे नमुने येत आणि वाचणाऱ्या मुलीने ते कापून, शिवून आपल्या बाहुलीस घालावेत अशी अपेक्षा असे. म्हणजे दुकानातील तयार पेटीच्या बरोबरीनेच घरातील सुईदोराही बाहुलीच्या साजाचा उगम होता. एका बाजूस पेढी, दुसऱ्या बाजूस मुलगी, असे या वस्त्रांचे दोन कर्ते होते. संग्राहकाच्या ‘मूळ’ या शब्दात यांपैकी पहिलाच कर्ता सहसा अभिप्रेत असतो.

३

या मुद्द्याची कसोटी पाहण्यास ‘ब्ल्यूएत’ या फ्रेंच बाहुलीइतके उत्तम उदाहरण क्वचितच सापडेल. १९०५ मध्ये गोतिए-लांगरो या प्रकाशनसंस्थेने ‘ला सेमॅन द स्यूझेत’ (स्यूझेतचा आठवडा) हे मुलींचे साप्ताहिक काढले. बेकासीन ही प्रसिद्ध चित्रकथा याच साप्ताहिकातली. वर्षाची वर्गणी भरणाऱ्या मुलीस २७ सेंटिमीटर उंचीची एक बाहुली भेट मिळे. तिचे नाव ब्ल्यूएत. साप्ताहिकात तिच्या मापाचे बेतणीचे नमुने येत राहिले. त्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. उद्देश उघड होता: मुलीस शिवण यावी, नीटनेटकेपणा यावा, भावी गृहिणीची तयारी व्हावी. पुढे प्रकाशकांनी तयार कपडेही विक्रीस काढले. १९३३ मध्ये बाहुलीची उंची २९ सेंटिमीटर झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, साप्ताहिक बंद पडले; १९४६ मध्ये ते पुन्हा निघू लागले आणि १९६० मध्ये ब्ल्यूएतची परंपरा संपली.

आता प्रश्न असा की, ब्ल्यूएतचा ‘मूळ’ वेश कोणता? प्रकाशकांनी विकलेला तयार झगा हा मूळ, असे म्हणावे, तर जिच्या हातून शिवण घडावी म्हणून ही बाहुली निर्माण झाली, तिने शिवलेला झगा दुय्यम ठरतो. उलट नमुन्याबरहुकूम शिवलेला झगाच मूळ मानावा, तर मुलीने नमुना सोडून केलेल्या फेरफारांचे काय? बाही आखूड पडली म्हणून तिने वेगळ्या कापडाची पट्टी जोडली असेल. गुंडी नाही म्हणून मणी लावला असेल. संग्राहकाच्या भाषेत असा झगा ‘हौशी हाताचा’ ठरतो आणि त्याचे मोल घसरते. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र नमुना आणि झगा यांतील हे अंतर हेच खरे महत्त्वाचे असावयास हवे. कारण नमुना काय शिकवू पाहत होता ते छापील अंकावरून कळतेच, पण मुलगी प्रत्यक्षात काय शिकली, कोठे कंटाळली, कोठे तिने स्वतःचे डोके चालविले, हे केवळ त्या वेड्यावाकड्या टाक्यांवरूनच कळू शकते.

अमेरिकन अभ्यासिका रॉबिन बर्नस्टाइन यांनी २०११ मधील आपल्या ग्रंथात खेळण्यांविषयी जे प्रतिपादन केले आहे, ते येथे उपयोगी पडते. वस्तू ही वापरणाऱ्यास नाटकाच्या संहितेप्रमाणे काही वर्तन सुचविते. वापरणारा ते स्वीकारतो, बदलतो किंवा नाकारतो, असा त्यांचा आशय आहे. या परिभाषेत बोलावयाचे तर साप्ताहिकातील नमुना ही संहिता, आणि शिवलेला झगा हा प्रयोग. प्रयोगाचा इतिहास लिहिणाऱ्याने केवळ संहिता जपून भागत नाही. एखादा झगा २७ सेंटिमीटरच्या मापाने कापलेला आहे आणि त्याची दुमड उसवून तो २९ सेंटिमीटरच्या बाहुलीस चढविलेला आहे, असे आढळले, तर संग्राहक त्यास ‘बिघडविलेला’ म्हणेल. परंतु त्या उसवलेल्या दुमडीत थोरल्या बहिणीकडून धाकटीकडे, किंवा आईकडून लेकीकडे, गेलेल्या वस्तूचा पुरावा असू शकतो. आणि तसा पुरावा दुसरीकडे कोठेही नोंदलेला नसतो.

मराठी अभ्यासकास या ठिकाणी पाठचिकित्सेची आठवण होणे स्वाभाविक आहे. हस्तलिखितांच्या परंपरेतून मूळ पाठाकडे जाऊ पाहणारा संपादक आणि नंतरचे कपडे उतरवून मूळ वेशाकडे जाऊ पाहणारा संग्राहक यांच्या व्यवहारात साम्य आहे. प्रक्षेप ओळखणे, मिश्रण ओळखणे, कोणता भाग कोणत्या काळचा हे ठरविणे, ही कामे दोघांनाही करावी लागतात. एका पेढीचे डोके दुसऱ्या पेढीच्या धडावर बसविलेले असेल, तर ते ओळखण्यास लागणारी दृष्टी ही संकरित पोथी ओळखणाऱ्या दृष्टीहून फारशी निराळी नाही.

परंतु साम्य येथे संपते, आणि जो भेद उरतो तो निर्णायक आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहावी. सुकथनकर व त्यांचे सहकारी यांनी जो मजकूर संहितेबाहेर काढला, तो टाकून दिला नाही. लहान भाग तारांकित करून तळटीपांत, आणि मोठे भाग परिशिष्टांत, कोणत्या प्रतींत आढळतात या नोंदीसह छापले. त्यामुळे संपादकाचा निर्णय ज्यास मान्य नसेल, त्यास तो तपासता येतो. आणि ज्यास प्रक्षेपांचाच अभ्यास करावयाचा आहे, त्याचेही काम अडत नाही. बाहुलीच्या पुनरुद्धारात अशी तळटीप नसते. उतरविलेला झगा स्वतंत्र विकला जातो किंवा चिंध्यांत जातो. धुतलेल्या कापडावरील डाग परत येत नाही. बदललेला टोप पूर्वी कसा कापला होता हे कोणास कळत नाही. संपादक पाठ नाकारतो पण राखतो. संग्राहक नाकारतो आणि गमावतो. ‘मूळ’ या कल्पनेत दोष नाही; नाकारलेल्याची नोंद न ठेवण्यात दोष आहे.

४

दुसरा निकष संपूर्णतेचा. एखाद्या बाहुलीबरोबर विक्रीच्या वेळी जे जे होते, ते ते सर्व आज तिच्याजवळ असावे, ही अपेक्षा. तिच्यामुळे हरवलेल्या एका बुटाचा शोध वर्षानुवर्षे चालतो, आणि छोट्याशा हातमोज्यास बाहुलीच्या तोडीचे मोल येते. सुझन स्टुअर्ट यांनी १९८४ मधील आपल्या ग्रंथात स्मरणवस्तू आणि संग्रह यांत भेद केला आहे. स्मरणवस्तू मालकाच्या भूतकाळाविषयी बोलते. संग्रहात मात्र इतिहासाची जागा वर्गीकरण घेते, असा त्यांच्या विवेचनाचा सारांश देता येईल. बाहुलीच्या संग्रहास हे तंतोतंत लागू पडते. यादीतील रिकामी जागा भरली की संपूर्णता आली. तो बूट कोणत्या बाहुलीचा, कोणत्या घरातला, हा प्रश्न मग उरत नाही.

परंतु संपूर्णतेची दुसरीही एक कल्पना संभवते, आणि तिचे उदाहरण इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या बालपणीच्या बाहुल्यांत आहे. या १३२ लहान लाकडी बाहुल्या. लाकूड स्वस्त, आकृती जवळजवळ एकसारखी. केवळ बाहुली म्हणून पाहिल्यास एकीत आणि दुसरीत निवड करावी असे फारसे काही नाही. राजकन्या आणि तिची शिक्षिका बॅरोनेस लेझेन यांनी त्यांना कपडे शिवले. त्यांपैकी ३२ बाहुल्या राजकन्येने स्वतः सजविल्या. अनेक बाहुल्यांना त्या काळच्या संगीतिकांतील व नृत्यनाट्यांतील पात्रांचे वेश आहेत, तर काही दरबारी स्त्रिया आहेत. याहून महत्त्वाचे म्हणजे एका वहीत त्यांची यादी आहे: बाहुलीचे नाव, ती कोणी सजविली, आणि ती कोणाचे सोंग आहे. फ्रान्सिस लो हिने १८९४ मध्ये या बाहुल्यांवर पुस्तक लिहिले ते या सामग्रीच्या आधारेच.

येथे संपूर्णता वस्तूंच्या संख्येत नाही. वस्तू आणि नोंद यांच्या जोडीत आहे. यादी हरवली असती, तर या १३२ बाहुल्या म्हणजे काही सुबक, पण मुक्या आकृत्या उरल्या असत्या. उलटपक्षी, दहापाच बाहुल्या हरवल्या असत्या आणि यादी उरली असती, तरी एका एकाकी मुलीने नाट्यगृहात पाहिलेले जग घरी कसे उतरविले, हे आपणास बरेचसे कळले असते. राजघराण्यातील मुलीस वही, शिक्षिका आणि पुढे चरित्रकार लाभतात; सामान्य घरातील मुलीस ते लाभत नाहीत. म्हणूनच सामान्य बाहुलीच्या अंगावरील घरगुती कपडा हीच तिची वही समजली पाहिजे.

५

तिसरा निकष अस्पर्शतेचा, आणि तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बळावलेला दिसतो. त्याचे ठळक क्षेत्र म्हणजे बार्बी. मॅटेल कंपनीने ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी-प्रदर्शनात ही साडेअकरा इंचांची बाहुली मांडली. किंमत ३ डॉलर. अंगावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा वेश. तिच्यामागील कल्पना १९५५ च्या ‘बिल्ड लिली’ या जर्मन बाहुलीवरून आलेली होती. बार्बीच्या धंद्याचे मर्म बाहुलीत जितके होते, तितकेच स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या वेशांत होते. प्रत्येक वेशाबरोबर बूट, पिशव्या, चष्मे असा चिमुकला ऐवज येई, आणि तो हरवणे हे जवळजवळ ठरलेलेच असे. आज संग्राहकास सर्वांत प्रिय आहे ती मूळ पेटीत, न उघडलेली बार्बी.

अशा बाहुलीविषयी साधा प्रश्न विचारावासा वाटतो की, ती कशाचा पुरावा आहे? कारखान्यातून माल कसा बाहेर पडे, याचा ती उत्तम पुरावा आहे. त्यापलीकडे ती फारसे काही सांगत नाही. कारण तिच्या वाट्यास खेळ आलाच नाही. बोदलेर याने खेळण्यांविषयीच्या १८५३ च्या निबंधात मुलाच्या एका ओढीकडे लक्ष वेधले आहे. खेळण्याच्या आत आत्मा आहे की काय ते पाहण्यासाठी मूल ते हलविते, आपटते आणि शेवटी फोडते. बोदलेरला ही मुलाची पहिली तत्त्वजिज्ञासा वाटते. हे मानले, तर तुटलेल्या बोटाची, कापलेल्या केसांची बाहुली एका जिज्ञासेची साक्षीदार आहे, आणि बंद पेटीतली बाहुली त्या प्रश्नास कधी सामोरीच गेली नाही.

शिवाय अस्पर्शता ही कायमची स्थिती नव्हे. मऊ पीव्हीसीच्या जुन्या बाहुल्यांत मऊपणा आणणारी द्रव्ये कालांतराने पृष्ठभागावर येतात आणि अंग चिकट होते. कर्णभूषणांतील तांब्याच्या अंशामुळे कानाभोवती हिरवा डाग पसरतो. म्हणजे मुलीचा हात लागला नाही, तरी काळाचा हात लागतोच. फरक इतकाच की, पहिल्याच्या खुणा वाचता येतात आणि त्यांतून एका व्यक्तीचा माग लागतो.

६

या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. ‘मूळ’ आणि ‘संपूर्ण’ हे निकष सोडले, तर लबाडीस मोकळे रान मिळेल. जुन्या कापडाचे नवे झगे शिवून ते जुने म्हणून विकता येतात. सुटी डोकी आणि धडे जोडून नवीच ‘जुनी’ बाहुली तयार करता येते. या फसवणुकीपासून ज्ञानाचे रक्षण संग्राहकांच्या काटेकोरपणानेच केले आहे; पॅरिसच्या पेट्या विखुरल्या न जाता एकत्र राहिल्या, त्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. हे सर्व निर्विवाद होय.

परंतु खोटा झगा ओळखणे आणि नंतरचा झगा नाकारणे या दोन भिन्न क्रिया आहेत. १९८० मध्ये शिवून १८८० चा म्हणून पुढे केलेला झगा ही बनावट. १८८० च्या बाहुलीस १९२० मध्ये एखाद्या नातीने शिवलेला झगा हा इतिहास. पहिल्यात काळ लपविलेला असतो, दुसऱ्यात तो उघडपणे साचलेला असतो. दुरुस्तीचेही तसेच आहे. लिस्बनमधील बाहुल्यांचे रुग्णालय १८३० पासून चालत आलेले आहे. खेळाच्या बाहुलीच्या आयुष्यात मोडणे आणि दुरुस्त होणे हे अपवादात्मक नव्हते, याची ही संस्था साक्ष देते. दुरुस्त केलेली बाहुली कमी अस्सल नव्हे; तिच्या अस्सलपणात दुरुस्ती अंतर्भूत आहे.

७

हा प्रश्न दूरच्या देशांतील श्रीमंत छंदाचा आहे, आपणास त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांच्या परिश्रमातून १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय बाहुली-संग्रहालय उघडले गेले. तेथील बाहुल्या बव्हंशी देशोदेशींचे वेश दाखविण्यासाठी केलेल्या आहेत. राष्ट्राराष्ट्रांतील स्नेहाचे ते प्रदर्शन आहे आणि त्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे. परंतु त्यावरून भारतातील मुलगी कोणत्या बाहुलीशी कशी खेळे, हे कळणार नाही. पुण्यास कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजेच दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा रोजच्या वापरातील वस्तूंचा जो संग्रह उभा केला, त्यामागील दृष्टी आपल्या प्रश्नास अधिक जवळची आहे. वापराने झिजलेली वस्तू हीच जपण्यास योग्य, असा विश्वास त्यामागे दिसतो.

महाराष्ट्रातील घरोघरी चिंध्यांच्या बाहुल्या झाल्या, बाहुला-बाहुलीची लग्ने लागली, भातुकलीच्या पंगती उठल्या. या चिंध्यांच्या बाहुलीस साच्याचा क्रमांक नाही, मानेवर ठसा नाही, पेटी तर नाहीच. आईच्या लुगड्याचा काठ, परकराचा तुकडा, काजळाचे डोळे, एवढाच तिचा सरंजाम. संग्राहकांचे तिन्ही निकष तिला लावून पाहिले, तर ती एकाही निकषास उतरत नाही. किंबहुना निकष लावण्याइतकीही ती कोणास महत्त्वाची वाटत नाही. ब्ल्यूएतच्या घरगुती झग्याविषयी जी उपेक्षा आहे, तिचेच हे टोक होय. दोन्ही ठिकाणी कर्ती मुलगी आहे, आणि दोन्ही ठिकाणी ती अनामिक आहे.

तेव्हा या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने एक साधी शिस्त पाळावी, असे सुचवावेसे वाटते. बाहुली हाती आली की धुण्यापूर्वी, उसवण्यापूर्वी, बदलण्यापूर्वी तिचे वर्णन लिहावे. शिवण हाताची की यंत्राची, कापड नवे की जुन्या वस्त्रातले, कोणते भाग मागाहून जोडलेले, केस कोठे कापलेले, हे सर्व नोंदवावे. ती कोणाकडून आली आणि त्या घरात तिच्याविषयी काय सांगितले जाते, तेही लिहून घ्यावे. उतरविलेला प्रत्येक तुकडा बाहुलीबरोबरच ठेवावा. मग मूळ वेशाविषयी जो निर्णय घ्यावयाचा तो खुशाल घ्यावा. तो चुकला, तरी पुढील अभ्यासकास दुरुस्त करता येईल. पोथीच्या बाबतीत आपण हा विवेक फार पूर्वी शिकलो. ज्या हातांनी पोथ्या लिहिल्या नाहीत, पण चिंध्यांतून एक जग उभे केले, त्यांच्या कामासही तोच न्याय लावला पाहिजे.